शिवदास हरमलकराच्या खाऱ्या शेवया

पेडण्याच्या बाजारात शिंप्याचं दुकान आणि मोबाईल दुरुस्तीचं दुकान यांच्या मधल्या गाळ्यात शिवदास हरमलकर गेली तीन वर्षं जपानी रामेन विकतो. रामेन म्हणजे गरम सूप, त्यात लांब शेवया आणि वर मांडलेल्या चार वस्तू. त्यातही शिवदासचं रामेन शिओ जातीचं, म्हणजे मिठाचं. जपानच्या उत्तरेला हाकोदाते नावाचं बंदर आहे, तिथली ही पद्धत. सूपात मसाला नाही, वाटण नाही, नारळ नाही. कोंबडीची हाडं किंवा सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, तासन् तास मंद आचेवर ठेवायची, वरचा फेस काढत राहायचं आणि शेवटी मीठ घालायचं. सूप इतकं नितळ होतं की वाडग्याचा तळ दिसतो. पेडण्याच्या माणसाला तळ दिसणारा पदार्थ कधीच आवडलेला नाही. त्याला वाटतं, काहीतरी घालायचं राहिलं.

दुकान उघडलं त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक म्हणून दत्ताराम मास्तर आले. शिवदासला त्यांनी चौथीत शिकवलं होतं आणि त्याबद्दल त्यांना अजून वाईट वाटतं. त्यांनी वाडग्यात वाकून पाहिलं, मग शिवदासकडे पाहिलं, मग आवाज खाली आणून विचारलं, "शिवदासा, घरात सगळां बरां आसा मां?"

"बरां आसा, मास्तर."

"नारळाक पैसे नसले तर सांग हां. लाजू नको."

"तसां नाय मास्तर. ह्या असांच असता. ह्या मिठाचा सूप."

"मिठाचा पाणी."

"सूप."

"बरां. पाव खंय आसा?"

रामेनबरोबर पाव नसतो असं शिवदासने सांगितलं. मास्तर उठून बाहेर गेले, सायकलवरून चाललेल्या पदेराला थांबवून दोन पाव घेतले, परत येऊन बसले आणि बुडवून खाल्ले. आठवडाभरात सगळं गिऱ्हाईक असंच करू लागलं. पदेर स्वतःहून दुकानासमोर थांबून भोंगा वाजवू लागला. शेवटी शिवदासने पाव आपल्याकडेच ठेवला. ही बातमी त्याने जपानला फोन करून आपल्या गुरूला दिली. पलीकडून आवाज आला, "मऊ का कडक?"

हा गुरू म्हणजे कुरोदा. त्याच्यापर्यंत शिवदास कसा पोचला ते सांगितलं पाहिजे, कारण शिवदास जपानला कधीही गेलेला नाही. तो पूर्वी डिचोलीकडे खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रक अंगणात उभा राहिला. त्यावर भोपळ्याचा वेल चढला आणि दोन वर्षं भोपळे उत्तम आले. पण नुसत्या भोपळ्यावर लग्न झालेला माणूस किती दिवस काढणार? शिवदास मांद्र्याच्या किनाऱ्यावर काम शोधायला गेला. तिथे कुरोदा नावाचा एक साठीचा जपानी गृहस्थ पर्यटनाच्या मोसमात झोपडीवजा दुकान चालवत असे. शिवदासने काम मागितलं. कुरोदाने त्याच्या हातात एक टोप दिला. शिवदासने तो घासून दिला. कुरोदाने पाहिला आणि परत दिला. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी कुरोदाने टोप ठेवून घेतला. ही मुलाखत होती हे शिवदासला दोन महिन्यांनी कळलं.

नऊ मोसम त्याने तिथे काढले. बोलणं दोघांचं मोडक्या हिंदीत चाले. जपानी भाषाही शिवदासला आली, पण फक्त हुकमांपुरती. धू. काप. फेस काढ. पुन्हा. गप्प. जपानीत तो कुणाला 'कसे आहात' असं विचारू शकत नाही, पण समोरच्याकडून कांद्याची पात बारीक चिरून घेऊ शकतो. दुसरी गोष्ट त्याने उचलली ती वाकण्याची. गिऱ्हाईक आलं की वाकायचं, गेलं की वाकायचं. हळूहळू तो पदेरालाही वाकू लागला, गॅस सिलिंडरवाल्यालाही, विजेचा मीटर वाचायला येणाऱ्या माणसालाही. मीटरवाला घाबरून गेला. त्याला वाटलं हा काहीतरी लपवतोय, म्हणून त्याने मीटर दोनदा वाचला. मनीषा, शिवदासची बायको, हायस्कुलात गणित शिकवते. तिने लग्नाच्या वाढदिवसाला एकच भेट मागितली. "अहो, घरात वाकू नका. पाहुण्यांना वाटतं तुमची कंबर गेली."

कुरोदा मीठ या विषयावर मात्र वेडा होता. त्याचं म्हणणं असं की मिठाच्या सूपात लपायला जागा नसते, मीठ वाईट तर सगळंच वाईट. गोव्यात आल्यावर त्याने जिथे जिथे मिठागर आहे तिथलं मीठ काड्यापेटीत भरून आणलं, आणि एकेक खडा जिभेवर ठेवून आठ काड्यापेट्या समुद्रात फेकल्या. नववी आगरवाड्याची. तो उठून तडक आगरवाड्याला गेला आणि शेवंतीकाकीच्या आगरात, मिठाच्या राशीसमोर, कंबरेत वाकला. काकी तेव्हा साठीच्या होत्या. त्यांनी सुनेला हाक मारली, "गौरवी, ह्या मनशाक ऊन लागलां. पाणी हाड."

त्या दिवसापासून कुरोदाचं मीठ काकींकडून जाऊ लागलं. पुढे कुरोदाची आई त्र्याण्णव वर्षांची झाली आणि तो तिच्याकडे परत गेला. जाताना शेवया काढायचं यंत्र, टोप आणि वाडगे शिवदासला देऊन एक अट घालून गेला. मीठ हेच. मीठ बदललं तर हे दुकान बंद कर आणि दुसरं काहीही विक. शिवदास वाकला. म्हणजे कबूल.

दुकान चाललं. हा भाग कुणालाच समजावून सांगता येत नाही, पण चाललं. वारांची अडचण होती. सोमवार, गुरुवार, शनिवार आमच्याकडे शिवराक, म्हणजे मासळी-मटण बंद. मंगळवार प्रत्येक घराचा वेगळा. शिवदासने दोन टोप ठेवले, एक सुंगटांचा आणि एक अळंब्यांचा, आणि त्यांच्यासाठी दोन वेगळ्या पळ्या. पळी बदलली तर आख्ख्या बाजारात बोंब होईल हे त्याला ठाऊक होतं. लोक सकाळच्या पातळ भाजीऐवजी रामेन-पाव खाऊ लागले, तोंडाने 'पाणी, पाणी' म्हणत. संध्याकाळीही सहा-सात बाकं भरायची.

संध्याकाळवरून एक सांगायचं. आमच्याकडे दिवेलागण झाली की घरातलं मीठ बाहेर देत नाहीत. मीठ म्हणजे लक्ष्मी, दिव्याच्या वेळेला ती दाराबाहेर घालायची नाही. शेजारीण एक वेळ सोन्याची पाटली देईल, चिमूटभर मीठ देणार नाही. शिवदासच्या घरीही हेच. त्यामुळे दुकान संध्याकाळी उघडं ठेवावं की नाही यावर त्याने आईशी दोन दिवस चर्चा केली आणि दोघांनी मिळून निर्णय घेतला की सूपात घातलेलं मीठ हे मीठ नव्हे, सूप आहे. टेबलावरची मिठाची वाटी मात्र सात वाजता आत जाई. इतका तो नेमाचा माणूस. म्हणूनच पुढे जे झालं त्याचं नवल वाटतं.

यंदाच्या एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी त्याचं मीठ संपलं. तो दुपारी तीनला जुनी व्हॅन घेऊन निघाला. वाटेत मागचं चाक बसलं, जादा चाक काढलं तर तेही बसलेलं. आगरवाड्यात पोचला तेव्हा शेवंतीकाकी हातात निरांजन घेऊन तुळशीकडे निघाल्या होत्या. सोप्यावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, वीस किलोचं एक पोतं तोंड बांधून ठेवलेलं होतं.

"काकी, ह्या पोता न्हेतंय."

"सकाळी ये."

"सकाळी सात वाजता सूप तयार व्हया, काकी."

"दिवो लागलो. आता मीठ भायर जायत नाय. तुझ्या आवशीन शिकवल्यान नाय तुका?"

असं म्हणून काकी तुळशीकडे वळल्या. आता शिवदासच्या जागी पेडण्याचा कुठलाही माणूस असता तर तो मुकाट घरी गेला असता. पण शिवदासच्या अंगात नऊ मोसमांचा कुरोदा होता. सकाळी सात म्हणजे सात. त्याने पाचशेच्या दोन नोटा दगडाखाली ठेवल्या, पोतं उचललं, काकींच्या पाठीला वाकून नमस्कार केला आणि गेला. काकी दिवा लावून वळल्या तेव्हा सोपा रिकामा होता.

चौथ्या दिवशी अवकाळी पाऊस पडला. त्याच पावसात आगरवाड्याची मानस गेली. मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार, खाडीचं पाणी आगरात हवं तेवढंच घेणारं. त्याची फळी कुजलेली होती, गेली दोन वर्षं सगळे 'बदलूक व्हयी' म्हणत होते. फळी तुटली, खाडी आत शिरली, आणि काकींचं अर्ध्या मोसमाचं मीठ विरघळून आल्या वाटेने परत गेलं. फळी कुजकी होती हे काकींना माहीत होतं. पण फळी दोन वर्षं कुजकी होती आणि लक्ष्मी मंगळवारी गेली होती.

शिवदासने फोनवर हळहळ व्यक्त केली. तीन आठवड्यांनी, डब्यात दोन मुठी मीठ उरल्यावर, तो केळ्यांचा घड घेऊन आगरवाड्याला गेला. नेहमीचं पोतं हवं होतं आणि शिवाय पावसाळ्याची बेगमीही, कारण जून लागला की आगर पाण्याखाली जातं आणि मग डिसेंबरपर्यंत मीठ नाही.

काकींनी केळी घेतली.

"मीठ?" शिवदासने विचारलं.

"खंयचा मीठ? तू न्हेलंस ता हाडून दी आदी."

"त्याचे पैसे ठेवले होते मा, काकी."

"पैसे ते घे तुझे." त्याच दोन नोटा, त्याच दगडासकट, काकींनी त्याच्यासमोर ठेवल्या. "माका माझा मीठ व्हया. दुसरा नको. ताच."

"ता लोकांनी खाल्ल्यानी, काकी."

"मगे लोकांकडे माग."

"काकी, माझी चूक झाली."

"तो जपानी मनीस, खंयच्या खंय देशातलो. दर खेपेक उन्हाचो येवचो. दिवो लागूच्या आदी घरी जावचो. आणि तू? पेडण्याचो! मेल्या, तुका रे कोणी वाढवल्यान?"

शिवदास दुसऱ्या आगरवाल्यांकडे गेला. पहिलाच सुदेश भेटला, काकींच्या शेजारचा. त्याच्याकडे रास होती. तो म्हणाला, "दिलां असतां रे. पण मानस आमची सगळ्यांची एक. काकीन 'नको' म्हटल्यान आणि मी दिलंय, तर उद्या माझो बांध फुटलो की मातीच्यो पाट्यो उचलूक कोण येतलो?" बाकीच्यांनी हेच सांगितलं, काहींनी चहा देऊन.

दत्ताराम मास्तर मध्यस्थीला गेले. काकींनी त्यांना बसवलं, पन्हं दिलं आणि विचारलं, "मास्तर, तुमी ह्याका शिकवलास मां?" मास्तर पन्हं संपवून परत आले.

शिवदासने जपानला फोन लावला. कुरोदाने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "वाकलास?"

"वाकलो."

"किती?"

शिवदासने फोनसमोर वाकून दाखवलं. व्हिडिओ कॉल नव्हता हे त्याला नंतर कळलं.

मनीषाचा भाऊ प्रवीण मोप्याच्या विमानतळावर टॅक्सी चालवतो. त्याच्याकडे दुसरी गाडी होती, चालक नव्हता. तो संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, "भावोजी, एक तारखेपासून या. युनिफॉर्मचा माप दिया." शिवदासने मनीषाकडे पाहिलं. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "एक जूनपर्यंत बघा. मीठ मिळालं तर दुकान. नाही तर टॅक्सी. पाकिटाच्या मिठावर दुकान चालवून तुम्ही रोज रात्री भिंतीकडे तोंड करून झोपणार, ते मला नको."

ती बरोबर बोलत होती. कारण डब्यातल्या त्या दोन मुठी बाजूला ठेवून शिवदासने तोवर सूपात पाकिटातलं मीठ घालून पाहिलं होतं. पहिला वाडगा मास्तरांना दिला. मास्तरांनी अर्धा खाऊन ठेवला.

"शिवदासा, ह्या पाणी आसा."

"मास्तर, तुमी तीन वर्षां पाणीच म्हणतास."

"तेव्हा मी खोटा बोलत होतंय."

त्या रात्री शिवदास खरंच भिंतीकडे तोंड करून झोपला. सकाळी उठला तेव्हा त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली होती. काकींना तेच मीठ हवं. तेच मीठ डब्यात दोन मुठी आहे. आणि काकींचं मीठ नुसतं नेऊन द्यायला तो वाणी नव्हता, तो रामेनवाला होता. त्याने सुंगटांचं सूप एका किटलीत, शेवया वेगळ्या डब्यात, वर ठेवायच्या वस्तू तिसऱ्या डब्यात असं सगळं व्हॅनमध्ये घातलं आणि आगरवाड्याच्या अंगणात फणसाखाली छोटी शेगडी मांडली.

"ह्या काय?" काकी सोप्यावरून म्हणाल्या.

"तुमचा मीठ, काकी. परत हाडलंय."

"खंय आसा?"

"ह्याच्यात आसा."

काकींनी वाडग्यात पाहिलं. "ह्यो शेवयो. शेवयो नारळाच्या रोसात खातत, गूळ घालून. आणि ह्या पाणी. माझा मीठ खंय आसा?"

"पाण्यात आसा, काकी. विरघळला."

काकी मिठागरातल्या बाई. पाण्यात मीठ आहे म्हटल्यावर काय करायचं हे त्यांना आठव्या वर्षापासून माहीत होतं. त्यांनी परात मागवली, वाडगा तीत ओतला आणि परात उन्हात ठेवली. "पाणी जायत, मीठ रवात," त्या म्हणाल्या. "सांजेक बघूया." अर्ध्या तासात मांजराने शेवया नेल्या. दुसऱ्या दिवशी परातीवर चाळण आली. संध्याकाळी तळाला एक करडा, तेलकट थर उरला. काकींनी बोट लावून चाखला.

"ह्या माझा मीठ न्हय."

"तुमचाच, काकी."

"ह्याका सुंगटांचो वास येता." मग पुन्हा बोट लावलं. खात्री करायला.

तिसरा दिवस गुरुवार. शिवदासने किटली काढताच गौरवी धावत आली. "दादा, आज आमच्याकडे शिवराक. सुंगटां अंगणात सुद्धा नको!" शिवदास दहा किलोमीटर परत गेला आणि अळंब्यांचं सूप घेऊन आला. हे काकींनी सोप्यावरून पाहिलं. त्या दिवशी त्यांनी परात मागवली नाही. त्या म्हणाल्या, "उन्हात ठेवन फुकट जाता. हाड, पोटात ठेवतंय. पोटातसून मांजर न्हेवचा नाय."

अशा रीतीने मिठाची परतफेड सुरू झाली. काकी रोज एक वाडगा पोटात जमा करू लागल्या. शिवराकाच्या वारी सूप अळंब्यांचं, एरवी सुंगटांचं. दात कमी, त्यामुळे शेवया जरा जास्त शिजवलेल्या, ज्यावर हाकोदात्यात शिवदासला दुकानातून हाकलून दिलं असतं. वर उकडलेलं अंडं नको, त्याजागी मुळ्याची फोड. खाऊन झालं की वाडगा पालथा करून दाखवत आणि म्हणत, "आजचा पावला. बाकीचा?"

एक दिवस मनीषा शाळेला सुट्टी म्हणून बरोबर आली. काकींनी तिला विचारलं, "तू हिशेबाची मास्तरीण मां? सांग बघू, माझा सगळा मीठ कधी पावतला?"

मनीषाने विचार केला. "एका वाडग्यात आठ ग्रॅम. पोतं वीस किलोचं. म्हणजे अडीच हजार वाडगे. रोज एक धरला तर सहा वर्षं दहा महिने."

"म्हणजे मी किती वर्षांची?"

"आता बाहत्तर ना? एकोणऐंशीला आलेल्या असाल."

काकींच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. इतक्या ठामपणे त्यांना एवढं आयुष्य आजवर कुणी दिलं नव्हतं. पण व्हॅनमध्ये बसल्यावर मनीषा म्हणाली, "डब्यात पंचवीस वाडग्यांचं मीठ होतं. आता चौदांचं असेल. पुढे?"

"पुढचा पुढे."

"पुढे म्हणजे बरोबर एक जून, अहो."

दुकानात पाकिटाचं मीठ चालू होतं. निम्मं गिऱ्हाईक पलीकडच्या पातळ भाजीकडे वळलं. मास्तर रोज येत, बसत, वाडगा घेत नसत, नुसता पाव खात. प्रवीणने युनिफॉर्मचा शर्ट शिवून आणला आणि तो दुकानात खुंटीला टांगून गेला. गिऱ्हाईकांना वाटलं हा नवा वेटर ठेवणार.

मे संपत आला तसा वारा फिरला. समुद्राकडून ढग येऊ लागले. आगरवाड्यात घाई सुरू झाली. मीठ ओढून बांधावर घ्यायचं, राशी करायच्या, झावळ्यांनी शाकारायच्या. एकतीस मे रोजी दुपारी तीनला शिवदास पोचला तेव्हा गौरवी आगरात लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढत होती, सुदेश पलीकडे ओरडत होता आणि शेवंतीकाकी सोप्यावर वाडग्याची वाट बघत होत्या.

शिवदासने शेगडी पेटवली, शेवया उकळल्या, सूप ओतलं, मुळ्याची फोड ठेवली. वाडगा दिला. आणि बसला नाही, उभाच राहिला.

काकींनी एक घोट घेतला. चमचा खाली ठेवला.

"ह्या काय?"

"आज मीठ नाय, काकी. डबो कालच संपलो. तुमचा होता तितका सगळा तुमका पावला."

"दुकानात मीठ आसा मां?"

"पाकिटाचा आसा. ता तुमच्या वाडग्यात घालूक माझो हात गेलो नाय."

काकींनी दुसरा घोट घेतला. तोही पहिल्यासारखाच लागला असावा.

"मगे उद्या काय हाडतलंस?"

"उद्यापासून टॅक्सी. मेवण्याची. दुकान आज बंद करतंय."

"टॅक्सीत शेवयो करतलंस?"

"नाय."

"मगे टॅक्सीवाल्याक कोण सांगतलो, शेवंतीक शेवयो मऊ लागतत?"

आगरातून गौरवीची हाक आली, "आई, ढग बघा! झावळ्यो घेवन येवा!"

"गप रव गे," काकी म्हणाल्या. "आदी भितरसून मीठ हाड. वाटयेत. हातातला टाक आणि हाड."

गौरवी चिखलाच्या पायांनी धावत आत गेली आणि मीठ घेऊन आली. काकींनी चिमूट उचलली, वाडग्यात टाकली, ढवळली, चाखली आणि मान हलवली.

"अजून चिमूट," शिवदास म्हणाला.

"तुका विचारलंय?"

"नाय. पण अजून चिमूट व्हयी. वायच कमीच."

काकींनी त्याच्याकडे पाहिलं. पन्नास वर्षं मीठ काढणाऱ्या बाईला मीठ कमी आहे म्हणून सांगणारा माणूस त्या भागात आजवर जन्माला आला नव्हता. त्यांनी चिमूटभर मीठ टाकलं. ढवळलं. चाखलं. मग पुन्हा चाखलं.

"मेल्या," त्या शेवटी म्हणाल्या, "बरोबर आसा."

आणि त्या खाऊ लागल्या. ढग आले तरी उठल्या नाहीत. शिवदास चपला काढून आगरात उतरला. तो, गौरवी आणि सुदेश यांनी मिळून रास ओढली, झावळ्या घातल्या, दोर बांधले. पाऊस त्या दिवशी आलाच नाही. ढग आले तसे तेरेखोलकडे निघून गेले. तिघे घामाघूम होऊन बांधावर बसले तेव्हा काकी रिकामा वाडगा हातात घेऊन सोप्याच्या पायरीवर उभ्या होत्या.

"शिवदासा, किती वाडगे पावले?"

"पंचवीस. आजचा धरून सव्वीस. पण आजचा धरू नये. त्यात मीठ तुमचा तुमीच घातलास."

"म्हणजे अडीच हजारांतले पंचवीस. बाकीचे कोण देतलो? तुझो मेवणो?"

"नाय, काकी."

"मगे माझा मीठ बुडला म्हण की सरळ." काकींचा आवाज चढला. "अर्धा खाडयेन न्हेल्यान, अर्धा तू बुडवतंस! टॅक्सी चालवूक जातलो म्हणे! माझा मीठ परत केल्याबगर तू खंय जावचंस नाय, सांगून ठेवतंय. वाडगे हाडूक तुका मीठ व्हया मां? न्हे. वर्षाचा न्हे. पण रोजचो वाडगो चुकलो तर बघ."

शिवदास उभा राहिला आणि वाकायला लागला.

"वाकू नको! वेळ बघ किती जालो. दिवे लागूक दोन तास आसत. पोती उचल!"

शिवदास, गौरवी आणि सुदेश यांनी मिळून नऊ पोती व्हॅनमध्ये भरली. व्हॅनचे चारही टायर दबले. पेडण्याला परत येताना तो एवढा हळू चालवत होता की मागून येणाऱ्या पदेराने सायकलवरून त्याला ओलांडलं. मनीषा दारात उभी होती. तिने पोती मोजली, वही घेतली, पेन उघडलं. नवं मीठ, जुनं मीठ, दिलेलं, द्यायचं. काकींनी दिलेलं मीठ काकींनाच परत करायला वापरायचं, म्हणजे देणं कमी होतं की वाढतं, हे तिने एका कोपऱ्यात मांडायला घेतलं. मग पेन बंद केलं.

"अहो," ती म्हणाली, "उद्या वार कुठला?"

"सोमवार."

"मग अळंबी भिजत घाला. आणि काकींच्या शेवया जरा जास्त शिजवा. दात दुखतात त्यांचे."